वयावरून वजन : आपत्कालीन बालोपचारातील एका सूत्राची चिकित्सा

प्रस्तावना

बालरोगशास्त्राच्या तोंडी परीक्षेत एक प्रश्न हमखास विचारला जातो : पाच वर्षांच्या मुलाचे अपेक्षित वजन किती? विद्यार्थ्याकडे उत्तर तयार असते. वयाची दुप्पट करावी, त्यात आठ मिळवावेत, अठरा किलो. परीक्षेपुरते हे उत्तर बरोबरच आहे. अडचण निर्माण होते ती हेच उत्तर परीक्षेच्या दालनातून उचलून अपघात विभागात आणि रुग्णवाहिकेत नेले जाते तेव्हा. तेथे 'अपेक्षित' हा शब्द नकळत गळून पडतो आणि अठरा किलो हे समोर बेशुद्ध पडलेल्या मुलाचे प्रत्यक्ष वजन ठरते.

प्रौढ रुग्णाच्या बाबतीत ही अडचण फारशी येत नाही, कारण आणीबाणीतील बहुतेक औषधांची प्रौढ मात्रा ठरलेली असते. मुलांचे तसे नाही. हृदय बंद पडलेल्या मुलाला ॲड्रेनलिन दर किलोला ०.०१ मिलिग्रॅम, विजेचा धक्का दर किलोला ४ ज्यूल, न थांबणाऱ्या आकडीत फेनिटॉइन दर किलोला २० मिलिग्रॅम अशी सारी भाषा 'दर किलोला' या शब्दांनी सुरू होते. आणि नेमक्या याच प्रसंगी मुलाला काट्यावर ठेवता येत नाही. आकडी चालू असते, मानेला इजा झाल्याची शंका असते, छातीवर दाब देणे चाललेले असते. ते थांबवून वजन करणे म्हणजे उपचारच थांबवणे. म्हणून वजनाचा अंदाज करावा लागतो. तो कशावरून करावा, एवढाच प्रश्न आहे. वय सर्वांना माहीत असते आणि गणित तोंडी होते, या दोन सोयींमुळे वयाचे सूत्र रूढ झाले.

प्रस्तुत लेखात या सूत्राच्या गणितापेक्षा त्यामागील गृहीतक तपासले आहे. उदाहरणासाठी मीरा-भाईंदर हे शहर घेतले आहे. त्याची कारणे पुढे येतील.

सूत्राचा उगम व त्याचा प्रवास

आपल्या पाठ्यपुस्तकांत जे सूत्र आढळते ते अमेरिकन बालरोगतज्ज्ञ ॲशली वीच यांच्या नावाने ओळखले जाते. तीन ते बारा महिन्यांपर्यंत महिन्यांच्या संख्येत नऊ मिळवून निम्मे करावेत. एक ते सहा वर्षांपर्यंत वयाची दुप्पट अधिक आठ. सात ते बारा वर्षांपर्यंत वयाच्या सातपटीतून पाच वजा करून निम्मे करावेत. वीच यांचा मूळ लेख १९५४ सालचा आहे आणि त्याच्या शीर्षकाचा आशय 'वाढीच्या वाटेवरील खुणा' असा आहे. हे शीर्षक महत्त्वाचे आहे. वाटेवरील खूण प्रवाशाला तो कोठवर आला असायला हवा हे सांगते. तो प्रत्यक्षात कोठे आहे हे सांगत नाही. वाढीचे मूल्यमापन करताना डॉक्टरांना एक सुलभ टप्पा हाताशी असावा, हा या सूत्राचा हेतू होता. औषधाची मात्रा ठरवणे हे काम त्याच्याकडे नंतर आले.

ब्रिटनमध्ये १९९३ साली सुरू झालेल्या 'ॲडव्हान्स्ड पेडिॲट्रिक लाइफ सपोर्ट' या अभ्यासक्रमाने जे सूत्र जगभर नेले ते 'वयात चार मिळवून दुप्पट करा' असे होते. अनेक विद्यार्थी ही दोन स्वतंत्र सूत्रे म्हणून पाठ करतात. एकदा कंस सोडवून पाहिला तर दोन्ही एकच आहेत हे ध्यानी येते; पण पाठांतरात कंस सोडवण्याची पद्धत नाही.

पुढे पाश्चात्त्य देशांतील मुलांचे वजन वाढू लागले आणि सूत्र तोकडे पडू लागले. शेफील्ड येथील लस्कोम व ओवेन्स यांनी २००७ साली सतरा हजारांहून अधिक मुलांच्या नोंदी तपासल्या, तेव्हा जुने सूत्र सरासरीने सुमारे १९ टक्के कमी वजन दाखवत असल्याचे आढळले. त्यांनी 'वयाची तिप्पट अधिक सात' असे नवे सूत्र सुचवले. त्याच वर्षी ऑस्ट्रेलियातून 'बेस्ट गेस' ही सूत्रमाला पुढे आली. तिच्यात पाच वर्षांपुढील मुलासाठी वयाची चौपट धरली जाते. २०११ साली ब्रिटिश अभ्यासक्रमाने आपले सूत्र बदलले. एक ते पाच वर्षांसाठी दुप्पट अधिक आठ तसेच ठेवले. सहा ते बारा वर्षांसाठी तिप्पट अधिक सात स्वीकारले.

या बदलातील एक विसंगती कोणालाही कागद-पेन्सिल घेऊन पाहता येते. पाच वर्षांच्या मुलाचे वजन या नियमाने १८ किलो. सहाव्या वाढदिवशी ते २५ किलो होते. एका रात्रीत सात किलो. जागतिक आरोग्य संघटनेच्या संदर्भ तक्त्यात सहा वर्षांच्या मुलाचे मध्यम वजन २०.५ किलो आहे. म्हणजे निकोप वाढीच्या मुलालाही हे सूत्र सुमारे २२ टक्के जड ठरवते. दहा वर्षांच्या मुलाला जुन्या ब्रिटिश सूत्राने २८, वीच यांच्या सूत्राने साडेबत्तीस आणि नव्या ब्रिटिश सूत्राने ३७ किलो वजन मिळते. एकाच मुलाला, एकाच दिवशी.

भारतीय वाचकाच्या दृष्टीने यातील मुख्य मुद्दा वेगळाच आहे. ही सूत्रे सुधारली गेली ती वजनदार होत चाललेल्या मुलांसाठी. नवी आवृत्ती घेणारा प्राध्यापक आपण अद्ययावत झालो असे मानतो आणि त्या आवृत्तीबरोबर शेफील्डच्या मुलांचे वजन आपल्या वर्गात आणतो. पाठ्यपुस्तक अद्ययावत असते ते त्याच्या समाजापुरते.

अंगणवाडीचे वजन आणि अपघात विभागाचे वजन

सूत्राचा खरा दोष गणितात नाही, हे प्रथम मान्य केले पाहिजे. जागतिक आरोग्य संघटनेने २००६ साली प्रसिद्ध केलेल्या वाढ-मानकांशी ते ताडून पाहिले तर नवल वाटते. मुलग्यांचे मध्यम वजन दोन वर्षे पूर्ण होताना १२.२ किलो, तीन वर्षांना १४.३, चार वर्षांना १६.३ व पाच वर्षांना १८.३ किलो आहे. सूत्र अनुक्रमे १२, १४, १६ आणि १८ सांगते. पावशेराएवढाच फरक! सत्तर वर्षांपूर्वीच्या एका तोंडी हिशेबाने इतके अचूक उतरावे ही वीच यांच्या निरीक्षणाला दादच आहे.

पण हे मानक कोणत्या मुलांचे आहे? ब्राझील, घाना, भारत, नॉर्वे, ओमान आणि अमेरिका या सहा देशांतील, स्तनपान मिळालेली, निरोगी, अडथळ्याविना वाढलेली मुले निवडून ते तयार केले आहे. मुले कशी वाढतात यापेक्षा ती कशी वाढावीत हे ते सांगते. म्हणजे सूत्रही, मूल किती किलोचे असावे हेच सांगते. डॉक्टरला हवे असते ते मूल किती किलोचे आहे ते. 'असावे' आणि 'आहे' यांतील अंतर महाराष्ट्रात किती आहे हे मोजण्यासाठी वेगळ्या संशोधनाची गरज नाही; ते दर काही वर्षांनी मोजले जाते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत, २०१९-२१ मध्ये, महाराष्ट्रातील पाच वर्षांखालील ३६.१ टक्के मुले वयाच्या मानाने कमी वजनाची आढळली, ३५.२ टक्के खुजी आणि २५.६ टक्के उंचीच्या मानाने रोड. आधीच्या फेरीत, २०१५-१६ मध्ये, कमी वजनाच्या मुलांचे प्रमाण ३६ टक्के होते.

कमी वजन याचा तांत्रिक अर्थ मध्यम वजनापेक्षा दोन प्रमाण-विचलनांहून अधिक खाली, असा आहे. ही सीमारेषा दोन वर्षांच्या मुलग्यासाठी ९.७ किलो, तीन वर्षांसाठी ११.३, पाच वर्षांसाठी १४.१ किलो आहे. यावरून एक साधा निष्कर्ष निघतो, आणि तो तितकाच गंभीर आहे. ज्या मुलांना शासन स्वतः कमी वजनाची म्हणून मोजते, त्या प्रत्येक मुलग्याचे वजन, त्याचे वय नुकतेच पूर्ण झालेले असेल तर, हे सूत्र किमान २४ टक्क्यांनी फुगवून सांगते. किमान, कारण ही सीमारेषेवरील मुले झाली. तीन प्रमाण-विचलनांवरील पाच वर्षांचा मुलगा १२.४ किलोचा असतो. सूत्र त्यालाही अठराच किलो देते. ४५ टक्के जास्त.

येथे दोन खात्यांच्या दृष्टीतील विरोध लक्षात घेण्याजोगा आहे. एकात्मिक बाल विकास सेवा योजना २ ऑक्टोबर १९७५ रोजी सुरू झाली. तेव्हापासून अंगणवाडीत वय आणि वजन यांची जोडी लावली जाते ती त्यांची फारकत शोधण्यासाठी. जुन्या श्रेणी पद्धतीत तिसऱ्या श्रेणीचे मूल म्हणजे अपेक्षित वजनाच्या ५१ ते ६० टक्केच वजन असलेले मूल. हजारो सेविकांनी वर्षानुवर्षे नोंदवह्यांत लिहिले की वयावरून वजन कळत नाही. वयाशी वजन ताडले की फक्त कुपोषण कळते. आपत्कालीन वैद्यक हेच समीकरण उलट्या दिशेने वाचते आणि वयावरून वजन काढते. एका खात्याचा जो निदानाचा विषय, तो दुसऱ्या खात्याने गृहीत धरून संपवून टाकलेला. एकाच जिल्ह्यातील, कदाचित एकाच इमारतीतील हे दोन विभाग एकमेकांच्या नोंदवह्या वाचत नाहीत.

प्राथमिक पातळीवरील मार्गदर्शिकाही यातून सुटलेल्या नाहीत. नवजात व बालकांच्या आजारांच्या एकात्मिक व्यवस्थापनाच्या तक्त्यात औषधाची मात्रा वय किंवा वजन यांच्या गटाने दिलेली असते. दोन ते बारा महिने म्हणजे ४ ते १० किलोखालील, बारा महिने ते पाच वर्षे म्हणजे १० ते १९ किलो. पण एक वर्ष पूर्ण झालेल्या निकोप मुलग्याचे मध्यम वजनच ९.६ किलो आहे. मानकाप्रमाणे वाढणारे मूलसुद्धा पहिल्या वाढदिवशी या चौकटीत बसत नाही. दीड वर्षाचे कमी वजनाचे मूल तर नाहीच नाही. मात्र तोंडावाटे द्यायच्या प्रतिजैविकांत सुरक्षिततेची मर्यादा बरीच रुंद असते आणि आरोग्यसेविकेला तक्ता सोपा हवा असतो, हे पाहता ही तडजोड समजण्याजोगी आहे. शिरेतून द्यायच्या औषधांबाबत तेच म्हणता येत नाही.

चूक कोणत्या बाजूला अधिक महाग पडते

समजा, आकडी न थांबणारा पाच वर्षांचा मुलगा आला आहे आणि त्याचे खरे वजन १२.४ किलो आहे. अठरा किलो धरून फेनिटॉइन दिले तर मात्रा ३६० मिलिग्रॅम होते, म्हणजे त्याच्या देहाला दर किलोला २० ऐवजी २९ मिलिग्रॅम. फेनिटॉइन शिरेतून वेगाने गेले तर रक्तदाब कोसळतो, हृदयाची लय बिघडते. म्हणजे ही वाढ निरुपद्रवी नाही.

द्रवाबाबत परिस्थिती आणखी बिकट आहे. शॉकमधील मुलाला दर किलोला २० मिलिलिटर सलाइन झपाट्याने देण्याची शिकवण दीर्घकाळ होती; अठरा किलोला ते ३६० मिलिलिटर होते. तीव्र कुपोषित मूल शॉकमध्ये असेल तर मात्र जागतिक आरोग्य संघटनेची सूचना दर किलोला १५ मिलिलिटर, तेही तासाभरात सावकाश, अशी आहे. कारण अशा मुलाचे हृदय जादा द्रव पेलू शकत नाही. १२.४ किलोला ते १८६ मिलिलिटर होते. म्हणजे वजन चुकले आणि त्यामुळे मूल कुपोषित आहे हेही निसटले, तर दोन चुकांचा गुणाकार होऊन जवळजवळ दुप्पट द्रव जातो. युगांडा, केनिया आणि टांझानिया येथे झालेल्या 'फीस्ट' चाचणीत २०११ साली असे दिसले की तापाने गंभीर झालेल्या मुलांना झपाट्याने द्रव दिल्याने मृत्यू कमी न होता वाढले. आणि त्या चाचणीत तीव्र कुपोषित मुले मुळात घेतलीच नव्हती.

दुसऱ्या टोकाची चूक, म्हणजे स्थूल मुलाचे वजन कमी धरले जाणे, तुलनेने सौम्य आहे. पाच वर्षांच्या २४ किलोच्या मुलाला सूत्र १८ किलो म्हणते तेव्हा ते साधारण त्याच्या उंचीला साजेशा वजनाजवळ असते, आणि आणीबाणीतील अनेक औषधे चरबीत फारशी पसरत नसल्याने त्याच वजनावर देणे योग्य ठरते. या अर्थाने पश्चिमेतील सूत्रदुरुस्तीची गरज जेवढी मोठी सांगितली गेली तेवढी नसावी. 'सूत्र दोन्हीकडे सारखेच चुकते, मग सरासरीने ठीकच आहे' हा बचाव म्हणूनच टिकत नाही. स्थूल मुलाच्या बाबतीत झालेली चूक कृश मुलाच्या बाबतीतल्या चुकीची भरपाई करीत नाही. बेल्जियन गणिती केटले याने १८३५ साली 'सरासरी माणूस' ही कल्पना मांडली. लोकसंख्येच्या अभ्यासाला ती उपयुक्त ठरली. खाटेवर मात्र सरासरी मूल कधीच येत नाही.

वजन नेहमीच निर्णायक असते असेही नाही, आणि महाराष्ट्राच्या अनुभवातच याची दोन्ही उदाहरणे मिळतात. कोकणातील विंचूदंशावर महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी प्राझोसिन या औषधाचा उपयोग १९८६ साली लॅन्सेटमधून मांडला. मुलांसाठी त्याची मात्रा दर किलोला ३० मायक्रोग्रॅम आहे आणि औषध रक्तदाब उतरवणारे आहे. येथे वजनाची चूक थेट रक्तदाबावर उतरते. सर्पदंशात उलट. सापाने टोचलेले विष मुलाच्या देहात कमी जात नाही, म्हणून प्रतिविषाची मात्रा मुलाला व प्रौढाला सारखीच असते. तेथे वजनाचे सूत्र लावणारा विद्यार्थी मुलाला अपुरे औषध देईल. कोठे वजन लागते आणि कोठे नाही, हे शिकवण्याआधी सूत्र शिकवले जाते. अध्यापनातील हा क्रम उलटा आहे.

एका शहरातील अनेक मुले

मीरा-भाईंदर महानगरपालिका २००२ साली अस्तित्वात आली. २००१ च्या जनगणनेत या शहराची लोकसंख्या सुमारे ५ लाख २० हजार होती. २०११ मध्ये ती ८ लाख ९ हजारांवर गेली. एवढ्या वेगाने वाढलेल्या शहराला स्वतःची अशी एक बाललोकसंख्या नसते. मीरा रोडच्या गृहसंकुलांतील मुले, उत्तन-चौक किनाऱ्यावरील कोळी कुटुंबांची मुले, भाईंदरच्या मिठागरांच्या आसपासच्या वस्त्या, काशीमिऱ्याकडे राष्ट्रीय उद्यानाच्या कडेचे आदिवासी पाडे आणि एका इमारतीचे काम संपताच दुसऱ्या इमारतीकडे जाणारी बांधकाम मजुरांची कुटुंबे ही सारी काही किलोमीटरच्या टापूत राहतात. याच राज्यात २०१९-२१ मध्ये पाच वर्षांखालील ४.१ टक्के मुले जादा वजनाची आढळली. २०१५-१६ मध्ये हे प्रमाण १.९ टक्के होते. ३६ टक्के कमी वजनाची आणि वाढत चाललेली जादा वजनाची मुले ज्या राज्यात एकत्र नांदतात, त्याचे ठसठशीत रूप अशा शहरात दिसते.

भाईंदर पश्चिमेचे भारतरत्न पंडित भीमसेन जोशी रुग्णालय, ज्याला लोक अजून टेंभा रुग्णालय म्हणतात, तेथे या सर्व वस्त्यांतील मुले येऊ शकतात. मूल अधिक गंभीर असेल तर त्याला मुंबईकडे, प्रसंगी परळच्या वाडिया बालरुग्णालयापर्यंत न्यावे लागते, आणि त्या वाटेवरच उपचार चालू ठेवावे लागतात. राज्यातील १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका सेवा २०१४ साली ९३७ गाड्यांनिशी सुरू झाली व गाडीत डॉक्टर असावा अशी तिची रचना करण्यात आली. महामार्गावरून धावणाऱ्या गाडीत काट्याचा उपयोग नाही. अंदाज अटळ आहे. पण संकुलातील आणि पाड्यावरील पाच वर्षांच्या मुलांना एकच आकडा देणारी पद्धत ही अंदाज म्हणवून घेण्यास कितपत पात्र आहे? अंदाजात निदान समोरच्या वस्तूकडे पाहणे अभिप्रेत असते. वयाचे सूत्र लावणाऱ्याला मुलाकडे पाहण्याची गरजच पडत नाही.

'वय' नावाचा दुसरा अंदाज

वय तरी निश्चित असते का? सूत्रात पूर्ण झालेली वर्षे अभिप्रेत आहेत. मराठी आई मात्र 'चौथं लागलं' असे म्हणते. हिंदीभाषक आई 'चौथा चल रहा है' म्हणते. याचा अर्थ तीन वर्षे पूर्ण झाली, चार नव्हेत. घाईत ऐकणाऱ्याने चार धरले की दोन किलो तेथेच वाढले. उलट एक वर्ष अकरा महिन्यांच्या मुलाला 'एक वर्षाचा' म्हटले की सूत्र दहा किलो देते, आणि निकोप वाढीचा असा मुलगा बारा किलोंच्या आसपास असतो. पाड्यावर वय पावसाळ्यांनी वा सणांनी मोजले जाते. शाळाप्रवेशासाठी वाढवलेले आणि एस.टी.च्या वाहकाला पाचाखाली सांगितलेले वय अनेक घरांत एकाच वेळी नांदते. यातील कोणते वय रुग्णालयात सांगितले जाईल हे विचारणाऱ्याच्या गणवेशावर अवलंबून असते. जे मोजमाप स्वतःच अंदाज आहे, त्यावरून दुसरा अंदाज बांधला जात आहे.

पर्यायांची परीक्षा

वयाऐवजी लांबी हा विचार अमेरिकेतील डॉ. जेम्स ब्रोसलो यांनी १९८० च्या दशकात रुजवला. मुलाशेजारी रंगीत पट्टी पसरायची. टाच ज्या रंगावर येते त्या रंगात वजन, औषधमात्रा व नळ्यांचे आकार छापलेले असतात. खुजे मूल वयाने फसवते, लांबीने कमी फसवते. आणि पट्टीमुळे गणित करावे लागत नाही, हा लाभही लहान नाही. समोर मूल मरत असताना केलेला गुणाकार सुशिक्षितांचाही चुकतो. मात्र पट्टीही अमेरिकन मुलांवर बेतलेली आहे. भारतीय मुलांवर ती तपासून रामराजन व सहकाऱ्यांनी २००८ साली दाखवले की दहा किलोंवरील मुलांचे वजन ती दहा टक्क्यांहून अधिक जास्त सांगते. त्यातून दहा टक्के वजा करावेत असे त्यांनी सुचवले. ही सूचना व्यवहार्य असली तरी पुरेशी नाही. सर्वांमधून सरसकट दहा टक्के वजा करणे म्हणजे अमेरिकन सरासरीच्या जागी भारतीय सरासरी बसवणे. मीरा-भाईंदरसारख्या शहरात तीही एका मुलाला जड आणि दुसऱ्याला हलकी पडेल.

पुढचे पाऊल दोन ठिकाणी पडले. अमेरिकेतील सुझन अब्देल-रहमान यांनी २०१२ साली 'मर्सी' पद्धत मांडली. तिच्यात दंडाची लांबी आणि दंडाचा घेर मोजून दोन आकड्यांची बेरीज केली जाते. २०१५ साली ती भारतीय मुलांवर तपासली गेली व समाधानकारक ठरली. दक्षिण आफ्रिकेतील 'पॉपर' पट्टीत लांबीबरोबर मुलाचा बांधा पाहून पाच पायऱ्यांपैकी एक निवडली जाते. माइक वेल्स व सहकाऱ्यांनी २०१७ साली जगभरातील अभ्यासांचा एकत्र आढावा घेतला तेव्हा लांबी आणि बांधा दोन्ही पाहणाऱ्या पद्धती सर्वांत पुढे, केवळ लांबीची पट्टी मागे आणि वयाची सूत्रे सर्वांत मागे असा क्रम लागला. याच आढाव्यात पालकांनी सांगितलेले वजन शंभरात सुमारे सत्तर वेळा खऱ्या वजनाच्या दहा टक्क्यांच्या आत होते. ब्रोसलो पट्टीचे हेच प्रमाण निम्म्याहून थोडे अधिक भरले. वर्षानुवर्षे सूत्र पाठ करवून घेणाऱ्या अध्यापकांना कडेवरील ओझ्यावरून आईने बांधलेला अंदाज सूत्रापेक्षा सरस ठरावा, याने अवघडल्यासारखे वाटणे साहजिक आहे.

दंडघेराची गोष्ट तर अधिक जवळची आहे. बगदादचे अदनान शाकिर यांनी १९७० च्या दशकात तीन रंगांची दंडघेर पट्टी प्रचारात आणली, आणि आज महाराष्ट्रातील अंगणवाडी सेविकेला ११.५ सेंटिमीटर हा आकडा सांगावा लागत नाही. सहा महिने ते पाच वर्षांचे मूल त्याखाली असेल तर ते तीव्र कुपोषित, हे तिला ठाऊक असते. म्हणजे आपत्कालीन वैद्यक मोठ्या वळसाने ज्या मोजपट्टीपर्यंत आले, ती सेविकेच्या पिशवीत आधीपासून आहे. मुलाचा दंड मोजायला काही सेकंद लागतात. त्यासाठी त्याला उठवावे लागत नाही, आकडी थांबण्याची वाट पाहावी लागत नाही. नेमके वजन त्यातून कळले नाही तरी सूत्राचा अठरा किलोचा आकडा आणि द्रवाचा नेहमीचा नियम या मुलाला लावायचा नाही, एवढे तरी निश्चित कळते. साधे साधन योग्य हाती दिले की काय घडते याचे उदाहरण राज्यात आहेच. गडचिरोलीत डॉ. अभय व राणी बंग यांनी अक्षरओळख नसलेल्या सुइणींसाठी मण्यांचा श्वासमापक तयार केला, कारण न्यूमोनिया ओळखायचा तर श्वास मोजणे आवश्यक होते आणि आकडे येणे आवश्यक नव्हते.

वयाच्या सूत्राला काहीच जागा उरत नाही असे नाही. मूल अजून वाटेत असताना, फोनवर फक्त वय कळलेले असताना, नळ्या आणि औषधे मांडून ठेवण्यासाठी ते उपयोगी आहे. मूल दारातून आत आले की त्याचे काम संपावे. त्यानंतर सोबतच्या आईला किंवा आजीला विचारायचे ते वय नव्हे. 'शेवटचं वजन कधी केलं होतं, किती भरलं होतं, आणि तेव्हापासून बाळ भरलंय की उतरलंय?' असे विचारले तर, माता व बाल संरक्षण कार्ड जवळ नसतानाही, ज्या घरी सेविका दर महिन्याला वजन करते त्या घरातून बहुधा उत्तर मिळते. बांधकामावरील मजूर कुटुंबाकडे ते नसते, आणि तेथे दंडघेराची पट्टीच हाती उरते. एका मुलापुढे मात्र यातील प्रत्येक पद्धत, खुद्द काटासुद्धा, फसतो. ज्याच्या पायांवर कुपोषणाची सूज आहे, त्याच्या वजनात पाणी मोजले जाते आणि दंडही भरल्यासारखा दिसतो. अशा मुलाच्या दोन्ही पावलांवर अंगठा दाबून खळगा पडतो का हे पाहण्यास तीन सेकंद लागतात, आणि ते औषधाची सुई भरण्यापूर्वी पाहावे लागते.